मुंबईत पाइप गोठत नाहीत, मग थंडीआधी बाथरूममध्ये काय तपासायचं?

डिसेंबर आला की इन्स्टाग्रामवर ठरावीक रील्स फिरू लागतात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणारं मराठी जोडपं अंगणातल्या नळाला जुना मोजा गुंडाळतंय, तळघरातल्या पाइपवर फोमचं वेष्टण चढवतंय, रात्री नळ थेंब थेंब चालू ठेवून झोपतंय. अंधेरीत किंवा मुलुंडमध्ये बसून हे पाहणाऱ्याला साहजिकच वाटतं, आपणही थंडीसाठी घरातल्या नळांचं काही करायला हवं का?

पाइप गोठण्याची काळजी मुंबईत करायची गरज नाही. पण बाथरूमकडे पाहायची गरज नक्की आहे, आणि तीही पाण्यापेक्षा हवेसाठी. मुंबईच्या थंडीत घरातल्या नळजोडणीचा सगळ्यात धोकादायक भाग म्हणजे भिंतीवरचा गिझर. विशेषतः गॅसवर चालणारा.

तिकडे पाइप का फुटतात?

पाण्याचा बर्फ झाला की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. बंद पाइपमध्ये हा बर्फ तयार झाला की त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि पाइप तडकतो. बर्फ असेपर्यंत गळती कळत नाही. तो वितळला की घरात पाणीच पाणी. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये आलेल्या हिमवादळात हेच झालं. तिथली घरं अशा थंडीसाठी बांधलेलीच नव्हती, वीज गेली, हीटर बंद पडले आणि असंख्य घरांतले पाइप फुटले. नळ थेंब थेंब चालू ठेवतात तो हा दाब साठू नये म्हणून.

मुंबईत यातलं काहीच होत नाही. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलं गेलेलं आजवरचं सगळ्यात कमी तापमान आहे ७.४ अंश सेल्सिअस, तारीख २२ जानेवारी १९६२. अलीकडच्या काळात १७ जानेवारी २०२० रोजी पारा ११.४ अंशांवर आला तेव्हा शहरभर स्वेटर आणि कानटोप्यांचे फोटो व्हायरल झाले होते. शून्य अंश त्याहूनही बरंच खाली राहिलं. महाराष्ट्रात गोठलेलं पाणी पाहायचं तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या पहाटे गोठणाऱ्या दवबिंदूंपर्यंतच जावं लागतं.

म्हणजे पाइप सुरक्षित. पण पाणी गार लागतं, म्हणून एप्रिलपासून बंद असलेला गिझर सुरू होतो. आणि वारा झोंबतो, म्हणून बाथरूमची खिडकी बंद होते. या दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या की काय होऊ शकतं, हे उपनगरांनी पाहिलेलं आहे.

बोरिवली आणि घाटकोपरमध्ये काय घडलं होतं?

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत १५ वर्षांची एक मुलगी सकाळी अंघोळीला गेली आणि बाथरूममध्येच बेशुद्ध पडली. बराच वेळ ती बाहेर येईना, म्हणून घरच्यांनी दार उघडलं. काही दिवस रुग्णालयात उपचार सुरू होते, पण ती वाचली नाही. गॅस गिझरमधून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड हे कारण त्या वेळी समोर आलं.

मार्च २०२३ मध्ये घाटकोपरमधलं एक जोडपं होळी खेळून घरी आलं आणि नंतर बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाला असावा, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज होता. त्याच होळीला गाझियाबाद जिल्ह्यातही एका जोडप्याचा अशाच पद्धतीने मृत्यू झाल्याची बातमी आली. होळी म्हणजे खरं तर थंडी सरल्यानंतरचा सण. पण रंग निघायला वेळ लागतो, गरम पाणी जास्त लागतं आणि गिझर नेहमीपेक्षा बराच वेळ पेटलेला राहतो.

अशा बातम्यांमध्ये बहुतेक वेळा ‘गॅस गळतीमुळे मृत्यू’ असा मथळा असतो. त्याने मोठा गैरसमज होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. या घटनांमध्ये धोका गळणाऱ्या गॅसचा नसतो. गॅस जळत असतो, फक्त पुरेशा हवेशिवाय जळत असतो.

बंद बाथरूममध्ये नेमकं काय होतं?

गॅस नीट जळला की पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यासाठी भरपूर ऑक्सिजन लागतो. तो कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो.

‘भरपूर’ म्हणजे किती, याचा ढोबळ हिशेब करता येतो. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गॅस गिझर पाणी साधारण २५ अंशांनी तापवत असेल, तर तो तासाला जवळपास १ किलो एलपीजी जाळतो. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आता उपनगरातल्या जुन्या सोसायटीतलं नेहमीचं बाथरूम घ्या: ४ फूट बाय ६ फूट, उंची ८ फूट. त्यात हवा मावते सुमारे साडेपाच घनमीटर. म्हणजे खिडकी-दार घट्ट बंद असेल, तर १० मिनिटांत त्या खोलीतली एक तृतीयांशाहून जास्त हवा गिझर वापरून टाकतो. आत अंघोळ करणारी व्यक्ती त्याच हवेत श्वास घेत असते आणि जळून उरलेला सगळा वायूही तिथेच साठत असतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही, खोकलाही येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे या वायूला धरून ठेवतं. त्यामुळे श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही. हवेत याचं प्रमाण ०.३२ टक्के झालं, तरी ५ ते १० मिनिटांत डोकं दुखणं, चक्कर, मळमळ सुरू होते आणि अर्ध्या तासात मृत्यू येऊ शकतो.

‘त्रास व्हायला लागला तर माणूस बाहेर का येत नाही?’ हा प्रश्न प्रत्येक घटनेनंतर विचारला जातो. सुरुवातीची लक्षणं इतकी साधी असतात की उपाशीपोटी गरम पाण्याने चक्कर आली असेल, असंच वाटतं. मग विचार मंदावतो आणि पायातलं बळ जातं. कडी दोन फुटांवर असली तरी उठून तिथवर पोहोचता येत नाही.

आधीच्या पिढ्यांच्या घरात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. त्यात लाकडं, गोवऱ्या, कोळसा जळायचा, म्हणजे विषारी वायू तिथेही तयार होत होता. पण बंबाला मधोमध धुराडं असायचं, तो बहुधा अंगणात किंवा उघड्या पडवीत असायचा आणि धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप बाजूला व्हायचा. गॅस गिझरची निळी ज्योत इतकी स्वच्छ दिसते की हीसुद्धा एक पेटलेली चूलच आहे, हे लक्षात राहत नाही. कोळशाची शेगडी पेटवून कुणी बाथरूमचं दार लावून घेणार नाही.

खिडकी आहे, पण उघडी आहे का?

उपनगरातल्या बहुतेक इमारतींमध्ये बाथरूमला खिडकी असते. काचेच्या आडव्या पट्ट्यांची, डक्टमध्ये उघडणारी. कागदोपत्री हवा खेळती असते. प्रत्यक्षात त्या खिडकीचं काय झालेलं असतं ते घरोघरी पाहण्यासारखं आहे. डक्टमधून कबुतरं येतात म्हणून पट्ट्यांवर ॲक्रिलिकचा पत्रा स्क्रूने बसवलेला. डासांसाठी लावलेल्या जाळीवर वर्षभराच्या धुळीचा थर. एक्झॉस्ट फॅन बंद पडला तेव्हा त्याच्या भोकात कोंबलेला पुठ्ठा. नूतनीकरणात खिडकीची उंची अर्धी झालेली, वर फॉल्स सीलिंग आलेलं आणि गिझर त्या सीलिंगच्या पोकळीत लपवलेला, कारण तो दिसायला बरा दिसत नाही.

म्हणून थंडी पडायच्या आधीची पहिली तपासणी प्लंबरशिवायच करता येते. बाथरूमचं दार लावा आणि आतून पाहा: हवा आत कुठून येते, बाहेर कुठून जाते? दोन्हींसाठी वेगवेगळ्या वाटा हव्यात. वरची खिडकी किंवा झरोका बाहेर जाण्यासाठी आणि दाराच्या खालची फट किंवा दारातली जाळी आत येण्यासाठी. ‘पाणी बाहेर येतं’ म्हणून दाराखाली रबरी पट्टी लावलेली असेल तर ती काढा.

‘एक्झॉस्ट फॅन आहे, मग काय भीती?’ असं अनेकांना वाटतं. पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत हवा यायला जागाच नसेल तर तो फारसं काही करू शकत नाही. उलट ज्या गिझरला धूर बाहेर सोडणारी नळी जोडलेली असते, तिथे बंद खोलीत जोरदार एक्झॉस्ट लावला तर त्या नळीतला वायू उलटा आत ओढला जाऊ शकतो. पंखा उपयोगी आहेच, फक्त त्याच्यासोबत दाराची फट हवी.

गॅस गिझर असेल तर काय करायचं?

सगळ्यात चांगला उपाय एकच. गिझर बाथरूमच्या बाहेर हलवा. बाल्कनी, ड्राय बाल्कनी किंवा मोकळी हवा असलेली दुसरी जागा निवडा आणि तिथून गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत घ्या. यासाठी भिंतीला एक भोक, काही फूट पाइप आणि एका दिवसाचं काम लागतं. बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती खोलीत घेतलेली असेल, तर मात्र ती मोकळी जागा धरता येणार नाही. धूर सोडणारी नळी डक्टमध्ये उघडत असेल, तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची खिडकी तिच्या तोंडाशी नाही ना, हेही बघायला हवं.

भाड्याच्या घरात भिंत फोडायला मालक तयार होत नाही, हा उपनगरातला रोजचा प्रश्न आहे. गिझर हलवला जाईपर्यंत किमान एवढं पाळता येतं: दार आणि खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्यायच्या, गिझर बंद करायचा, गॅसचा कॉक बंद करायचा, पाच-दहा मिनिटं हवा जाऊ द्यायची आणि मगच आत जाऊन दार लावायचं. गिझर चालू ठेवून शॉवर घ्यायचा नाही. एकामागून एक चार जण अंघोळीला जात असतील, तर चौथ्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट हवा येते, त्यामुळे मध्ये दार उघडं राहील हे पाहायचं. थोडी थंडी वाजेल, पण मुंबईची थंडी ती किती!

अनेक गिझरमध्ये २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तिच्यावर विसंबून राहणं मात्र चुकीचं आहे, कारण नळ बंद करून पुन्हा उघडला की गिझर नव्याने पेटतो. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे बंद बाथरूममध्ये २० मिनिटं ही फार मोठी वेळ आहे.

सर्व्हिसिंग वर्षातून एकदा, आणि तेही नोव्हेंबरात, गिझर सुरू करायच्या आधी व्हायला हवं. तंत्रज्ञ आला की त्याला बर्नर आणि त्यावरचे तांब्याचे पंखे, म्हणजे जिथे ज्योतीची उष्णता पाण्याला मिळते तो भाग, काजळी काढून साफ करायला सांगा. तिथे काजळी साचली की वायू वर जायची वाट अडते आणि ज्वलन आणखी बिघडतं. ज्योत पिवळी दिसत असेल, लवलवत असेल किंवा गिझरच्या वरच्या भागावर काळे डाग असतील, तर तो वापरणं त्या क्षणी थांबवा. पण ज्योत निळी आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंही नाही. बंद खोलीत सुरुवातीला निळी असलेली ज्योतसुद्धा हवा संपत गेली की अर्धवट जळू लागते.

आणखी एक गोष्ट पाइप गॅस आलेल्या इमारतींसाठी. उपनगरांत महानगर गॅसची जोडणी मिळाली की सिलिंडर जातो आणि जुना गिझर तसाच नव्या लाइनवर लावायचा मोह होतो. एलपीजी आणि पाइपचा गॅस वेगवेगळ्या दाबावर येतात आणि त्यांना लागणारी हवाही वेगळी असते, त्यामुळे दोन्हींचे बर्नर-जेट वेगळे असतात. ते बदलल्याशिवाय गिझर चालवणं म्हणजे अर्धवट ज्वलनाला आमंत्रण. हे काम अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यायला हवं.

कार्बन मोनॉक्साइड ओळखून भोंगा वाजवणारं छोटं उपकरणही बाजारात मिळतं. परदेशात अनेक ठिकाणी ते घरात असणं सक्तीचं आहे. आपल्याकडे त्याची सवय नाही, पण घरात गॅस गिझर असेल तर ते घ्यावं. गॅस गळती ओळखणारं उपकरण वेगळं आणि हे वेगळं, खरेदी करताना खात्री करा.

आत कुणी उत्तर देत नसेल तर?

थांबू नका. दार ठोठावून प्रतिसाद नसेल तर ते फोडा. आत शिरणाऱ्याने श्वास रोखून आधी त्या व्यक्तीला बाहेर मोकळ्या हवेत आणायचं. दुसऱ्याने गॅस बंद करायचा आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. १०८ वर ॲम्ब्युलन्स बोलवा आणि फोनवरच ‘गॅस गिझर चालू होता’ हे सांगा. श्वास चालत नसेल आणि कुणाला सीपीआर येत असेल तर लगेच सुरू करा.

इथे एक चूक सहज होऊ शकते. कोविडनंतर अनेक घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. ते लावून ‘९८ दाखवतंय, म्हणजे ठीक आहे’ असा निष्कर्ष काढू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. आकडा चांगला दिसतो आणि माणूस आतून गुदमरलेला असतो. खरं प्रमाण रुग्णालयातल्या रक्तचाचणीतच कळतं.

शुद्धीवर आलेल्या माणसालाही डॉक्टरकडे न्यायलाच हवं. साध्या हवेत रक्तातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ४ ते ५ तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर हेच दीड तासाच्या आसपास होतं. तेवढा वेळ मेंदू आणि हृदय त्रासात असतात. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि हृदयविकार असलेल्यांना धोका जास्त.

बाथरूमच्या दाराला बाहेरून नाण्याने उघडता येईल असं कुलूप बसवणं हा फार स्वस्त उपाय आहे. घरात वृद्ध असतील तर तो एरवीही कामाला येतो.

इलेक्ट्रिक गिझर मग पूर्ण सुरक्षित?

हवेच्या बाबतीत हो. त्यात काही जळत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न येत नाही. त्याचे धोके दोन: दाब आणि शॉक.

पाणी तापलं की प्रसरण पावतं. २५ लिटरच्या टाकीतलं पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे ३८० मिलिलिटरने वाढतं. गार पाणी येणाऱ्या पाइपवर एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे हे वाढलेलं पाणी मागे जाऊ शकत नाही. ते बाहेर पडावं म्हणून गिझरच्या खाली एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. गिझर तापत असताना त्यातून थोडे थेंब पडणं ही बिघाडाची खूण नाही, व्हॉल्व्ह काम करतोय याची खूण आहे. पण फरशी ओली होते म्हणून अनेक घरांत त्या व्हॉल्व्हला बूच मारून टाकतात, काही वेळा प्लंबरच मारून देतो. थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापत राहिलं तर बंद टाकीला दाब सोडायला दुसरी वाटच उरत नाही आणि टाकी फुटू शकते. बूच असेल तर काढा आणि व्हॉल्व्हला बारीक नळी लावून ती खाली मोरीच्या जाळीपर्यंत आणा. थेंबांऐवजी सतत धार लागत असेल, तर व्हॉल्व्ह बिघडलाय किंवा इमारतीचा दाब जास्त आहे.

दाबाचं गणित टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली पाण्याचा दाब साधारण १ बारने वाढतो. चार मजली जुन्या सोसायटीत हा प्रश्न नाही. पण मुलुंड, अंधेरीतल्या नव्या उंच इमारतींत खालच्या मजल्यांवर दाब इतका वाढू शकतो की मध्येमध्ये तो कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. गिझर घेताना त्यावर लिहिलेला कमाल दाब पाहा आणि उंच इमारत असेल तर ८ बारचा घ्या. सोसायटीच्या प्लंबरला आपल्या मजल्यावरचा दाब विचारायला काहीच हरकत नाही.

शॉकच्या बाबतीत जुन्या इमारतींना जास्त जपायला हवं. २ किलोवॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर आणि ३ किलोवॉटचा सुमारे १३ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो, एक्स्टेंशन बोर्ड नाही. तिसऱ्या पिनची वायर खरोखर अर्थिंगपर्यंत जाते का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, कारण जुन्या वायरिंगमध्ये ती मधेच कुठेतरी तुटलेली असू शकते. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर तो ‘भास’ नसतो. मेन स्विच बंद करा आणि तपासणी होईपर्यंत गिझर वापरू नका. मीटरबोर्डजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल तर वीज गळू लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून पाहा, खटका पडला नाही तर तो बदला. आणि अंघोळीला जायच्या आधी गिझर बंद करण्याची आई-आजीची सवय आजही योग्यच आहे.

महिनोन्महिने बंद असलेला गिझर सुरू करताना आधी गरम पाण्याचा नळ उघडा, सलग धार येऊ द्या, मगच स्विच लावा. टाकी रिकामी असताना स्विच लावला तर कॉइल जळते. मुंबई महापालिकेचं तलावांतून येणारं पाणी तुलनेने मऊ असतं, पण सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर कॉइलवर क्षारांचा थर लवकर जमतो आणि टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा दांडाही लवकर झिजतो. अशा ठिकाणी दरवर्षी टाकी उघडून साफ करून घेणं बरं.

विजेचा हिशेबही इथेच उरकायला हरकत नाही. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला २ किलोवॉटच्या गिझरला साधारण १६ मिनिटं आणि अर्धा युनिट लागतं. म्हणजे तासभर आधी लावून ठेवायची गरज नाही. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवा. त्याहून वर गेलं तर भाजण्याचा धोका, आणि फार खाली ठेवलं तर कोमट साठवलेल्या पाण्यात जिवाणू वाढू शकतात. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजू शकतं, म्हणून लहान मुलांसाठी बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

आणि पाइप?

गरम पाण्याच्या लाइनला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही. तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत टिकतो. जुन्या इमारतींत लोखंडी पाइप असतात, त्यात गंज धरून आतलं भोक बारीक होतं आणि गरम पाण्याची धार वर्षागणिक कमी होत जाते. गिझरला जोडलेल्या स्टीलच्या विणीच्या लवचिक नळ्याही एकदा पाहून घ्या. कुठे फुगवटा, गंज किंवा तुटलेली तार दिसली की बदला, कारण घरात कुणी नसताना ही नळी सुटली तर खालच्या मजल्यावरच्याचं छत भिजतं आणि पुढचे सहा महिने सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोच विषय असतो.

पीजी किंवा शेअरिंगमध्ये राहणाऱ्यांकडे बहुधा गिझर नसतो, पाणी तापवायची रॉड असते. पाण्यात रॉड असताना ‘तापलं का’ म्हणून बोट घालून पाहणं हे शॉक लागण्याचं नेहमीचं कारण. आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग हात. लोखंडी बादली वापरू नका, रॉड तिच्यावरच्या खुणेपर्यंत बुडालेली हवी, आणि ती लावून दुसऱ्या खोलीत फोनवर बोलायला जाऊ नका.

रॉडसाठी आयएस ३६८ आणि साठवणीच्या इलेक्ट्रिक गिझरसाठी आयएस २०८२ हे भारतीय मानक आहे. वस्तूवर आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. बीआयएस केअर हे सरकारी ॲप मोफत आहे. दुकानात उभं राहून त्यात हा क्रमांक टाकला की परवाना कोणत्या कंपनीचा आहे आणि चालू आहे की संपलाय, ते लगेच दिसतं.